तोंड येणं थांबतच नाही, आठ महिने झाले. काय करू?

देवगडची सून (१४ मे, रात्री ११:४०)

नमस्कार. आंब्याच्या पेट्या भरून आत्ताच हात धुतलेत, हे झोपले, म्हणून लिहायला बसले. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं वय ४३. गेल्या गणपतीत खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक फोड आला. मोदकाचं सारण कढईतून काढल्या काढल्या चाखलं होतं, त्यानं भाजलं असेल म्हणून सोडून दिलं. दहा दिवसांत गेलाही. दिवाळीत दोन आले. तेव्हापासून एक जातो न जातो तोच दुसरा हजर. आज गालात, उद्या जिभेच्या शेंड्यावर, परवा हिरडीच्या खाली. मसुराच्या डाळीएवढा, मधे पिवळट पांढरा आणि भोवती लालभडक कड, जणू कुणी पेन्सिलीनं गोल आखून दिलाय. पहिले चार दिवस बोलतानासुद्धा जीभ आवरून धरावी लागते. परवा घरात तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. मीच केलं, आणि मीच कोपऱ्यात बसून गार पेज प्यायले. सोलकढीचा एक घोट घेतला तर डोळ्यांतून पाणी आलं.

त्यातला एक फोड वेगळा वाटतो. जिभेच्या उजव्या कडेला, जरा मागे. तो शिमग्यापासून तिथेच आहे. चार दिवस बरा वाटतो, पुन्हा चिघळतो.

उपाय विचाराल तर सगळे झाले. "उष्णता झाली" हे गावातल्या प्रत्येकानं सांगून झालं. सब्जा झाला, गुलकंद झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, झोपताना तुपाचं बोट झालं. मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि बधिर करणारं एक जेल दिलं. जेल लावलं की वीस मिनिटं बरं, मग जैसे थे. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मोबाईलच्या बॅटरीत अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका, आंबे कमी खा. आता हंगामात बागायतदाराच्या घरात आंबा खायला सवड कुणाला असते? डागी निघेल त्याचा रस, तोही पाहुणा आला तर.

मला सहा वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा चालू, शिवाय पित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, तिलाही तीन-साडेतीन वर्षं झाली. हल्ली थकवा फार येतो आणि पायांना मुंग्या येतात, पण दिवसभर उभं राहून पेट्या भरल्यावर कुणाला येणार नाहीत?

रात्री मोबाईलवर नको ते वाचलं आणि झोप उडाली. तंबाखू, सुपारी मी आयुष्यात तोंडात घातलेली नाही. आमच्याकडे मशेरी लावतात त्या फक्त सासूबाई, त्याही चाळीस-पन्नास वर्षं. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, पण त्यांना कधी काही दुखत नाही, मिरची कचाकचा चावतात. आणि मी बिनव्यसनी बाई इथे पेज पिते. कमाल आहे की नाही?

कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

गुहागरकर काकू (१५ मे, सकाळी ६:१०)

अगं, पहिली गोष्ट म्हणजे रात्री पावणेबाराला जागी राहू नकोस. जागरणानं तोंड येतं हे आमची आजीसुद्धा सांगायची.

दारात जाई आहे का? कोवळी चार पानं सकाळी चावायची, रस तोंडात फिरवायचा आणि चोथा थुंकायचा. कडू लागतं, पण दोन दिवसांत आग कमी होते. तोंडल्याचा वेल असेल तर कोवळं तोंडलं कच्चंच चाव. आणि टाकणखार तव्यावर फुलवून त्याची लाही मधातून लाव. माझ्या तिन्ही पोरांना तान्हेपणी तेच लावलंय. तिघंही आज धडधाकट आहेत. पोट साफ होतं ना? तिथेच सगळं असतं.

मालवणची आई (१५ मे, सकाळी ९:३५)

मध्येच घुसते, माफ करा. माझ्या ९ वर्षांच्या मुलाला दर उन्हाळ्यात तोंड येतं, पण आतून नाही. ओठांच्या भोवती आणि कोपऱ्यांत. चट्टे येतात, पाणी सुटतं, मग काळी खपली धरते. गावाला आजोळी गेला की हमखास. सासरचे म्हणतात उष्णता. तोच प्रकार का?

कुडाळचा दातवाला (१५ मे, दुपारी ३:०५)

दुपारी पेशंट नसतात, त्यामुळे सविस्तर लिहितो. मी दातांचा डॉक्टर आहे, पण तोंड न बघता निदान करणारा नाही. तेव्हा हे वाचून घरीच बसायचं नाही, कुणाच्या तरी खुर्चीत जाऊन तोंड उघडायचं आहे.

आधी मालवणच्या आई. मुलगा आजोळी काजूच्या झाडाखाली असतो ना? ओली बी दातानं फोडत असणार, नाहीतर झाडावरचा आंबा देठाकडून चोखत असणार. काजू, आंबा आणि बिब्बा तिघंही एका कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक कातडी भाजून काढतात. यात उष्णतेचा काही संबंध नाही. आंबा देठ कापून, चीक गळू देऊन, धुऊन द्या. काजूची बी दातांनी फोडायची नाही. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि पांढरं व्हॅसलीन लावा. मात्र ताप येऊन तोंडाच्या आत फोड आले, हिरड्या सुजल्या किंवा हातापायांवरही पुरळ उठलं, तर ती विषाणूची भानगड. तेव्हा मुलांच्या डॉक्टरांकडे न्या.

आता देवगड. ताई, तुम्ही एका वाक्यात दोन आजार लिहिलेत आणि तिसरा शेवटी गंमत म्हणून टाकलात.

जे फोड जागा बदलतात, ते आपलं नेहमीचं तोंड येणं. साधारण एक सेंटिमीटरच्या आतले, ओठ, गाल किंवा जिभेच्या मऊ कातडीवर, सात ते चौदा दिवसांत आपोआप बरे होणारे. ते लागत नाहीत, म्हणजे एकाच ताटात जेवलं म्हणून दुसऱ्याला होत नाहीत. ओठाच्या बाहेर पुंजक्यानं येणारे पाण्याचे फोड वेगळे, ते विषाणूचे आणि ते लागतात. तुमचा एकेक फोड बरा होतोय. तक्रार आहे ती रांग संपत नाही ही. म्हणून फोडाला काय लावू यापेक्षा रांग कुठून लागतेय ते बघायला हवं.

मला तुमच्या गोळ्यांचा संशय आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या शरीरात बी-१२ नीट शोषलं जात नाही. पित्ताची रोजची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. तुमच्याकडे दोन्ही दारं लावलेली आहेत. मग रोज बांगडा खा नाहीतर सुरमई. तोंड येणं, थकवा, पायांच्या मुंग्या हे तिन्ही एकाच घरचे पाहुणे असू शकतात. आरशात जीभ बघा. वरचा खरखरीतपणा जाऊन गुळगुळीत, लाल दिसते का? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट आणि तीन महिन्यांची साखर एवढं रक्त तपासून घ्या. बी-कॉम्प्लेक्सच्या आधी तपासलं असतं तर चित्र जास्त स्वच्छ दिसलं असतं, पण असो. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. साखरेच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचा. पित्ताची गोळी खरंच अजून लागते का, हेही त्यांनाच विचारा. ती बऱ्याच घरांत सहा आठवड्यांसाठी येते आणि सहा वर्षं राहते.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर इतर वाचणाऱ्यांसाठी. छातीत दुखण्यावर दिली जाणारी निकोरँडिल काहींना तोंडात मोठे, खोल व्रण करते आणि ती बदलेपर्यंत ते बरे होत नाहीत. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. म्हातारी माणसं चुकून रोज घेतात, आणि तोंड येणं ही धोक्याची पहिली घंटा असते. त्या माणसाला जेल लावत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांच्या तोंडात दह्यासारखी पांढरी बुरशी धरते, पुसली तर निघते. तीही लोक "तोंड आलं" म्हणूनच सांगतात.

दुसरा फोड जिभेच्या उजव्या कडेचा, शिमग्यापासूनचा. हा रांगेतला नाही. जो जागा सोडत नाही, त्याच्या समोर काय आहे ते बघायचं. हात धुऊन बोट त्या बाजूच्या खालच्या दाढांच्या आतल्या कडेवरून फिरवा. तुटलेली दाढ, उडालेलं सिमेंट, धारदार टोक काही लागतं का? असेल तर ते घासून गुळगुळीत करणं पाच मिनिटांचं काम आहे. मग दोन आठवडे वाट बघायची. कारण काढूनही व्रण भरला नाही, तर तुकडा काढून तपासायचा. तीन आठवड्यांच्या वर एकाच जागी राहिलेला कुठलाही व्रण कुणीतरी डोळ्यांनी बघायलाच हवा, तुमचा तर दोन महिन्यांच्या आसपासचा आहे. घाबरवत नाही. दहापैकी बहुतेक वेळा दाढच निघते. पण बघितल्याशिवाय "दाढच असेल" म्हणायचं नाही.

तोवर आराम म्हणून कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार चुळा. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर आधी फोड कापसानं टिपून कोरडा करा, मग मुगाएवढं मलम टेकवा. चोळायचं नाही, चोळलं की वाळूसारखं होतं आणि निघून जातं. झोपताना लावा, नंतर पाणीसुद्धा नको. ते फिरत्या फोडांना. जिभेच्या कडेच्या व्रणाला कुणी बघेपर्यंत ते लावू नका. टूथपेस्टवर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलं असेल तर त्याशिवायची पेस्ट वापरून बघा, काहींना फरक पडतो.

डोळे लाल होणं, गुप्तांगावर तसेच व्रण, शौचात रक्त, वजन उतरणं, अंगावर फोड यांपैकी काही सोबत असेल तर दातवाल्याकडे न थांबता फिजिशियनकडे जा.

आणि तिसरं. सासूबाई. मशेरी चाळीस-पन्नास वर्षं, गालात पांढरा चट्टा, दुखत नाही. ताई, खरं सांगू? तुमच्या सगळ्या पोस्टमधलं मला नको वाटलेलं वाक्य ते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, दंतमंजन नव्हे. दुखतं ते लोक दाखवतात, न दुखणारं दाखवत नाहीत, आणि तोंडात सुरुवातीला धोक्याचं असतं ते बहुतेकदा दुखत नाही. चट्टा पुसून निघतो का बघा. निघत नसेल तर तुमच्या आधी त्यांना खुर्चीत बसवा.

काकू, जाईचा पाला बिनधास्त चावा, माझी आईही चावते. टाकणखार मात्र तान्ह्या बाळाला नको. तो पोटात जातो, आणि बाळांना त्याची विषबाधा होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देत नाहीत.

गुहागरकर काकू (१५ मे, सायं. ५:२०)

तिन्ही पोरं धडधाकट आहेत म्हटलं ना! बरं, नातवाला नाही लावणार. सून तसंही लावू देत नव्हती.

श्रीवर्धनचा रोठा (१५ मे, रात्री १०:१५)

दातवाल्यांनी न दुखणाऱ्याचं लिहिलं, म्हणून माझंही लिहितो. वय ३८, नोकरी मुंबईला.

घरची सुपारीची बाग. लहानपणापासून अडकित्ता हातात. तंबाखू कधी खाल्ली नाही, गुटखा तर नाहीच, राज्यात २०१२ साली बंदी आली तेव्हा मी मित्रांना भाषण दिलं होतं. सुपारी मात्र दिवसाला दहा-बारा वेळा. कॉलेजात ती तयार पुडीतली झाली. सुपारी म्हणजे पूजेतली वस्तू, तिनं काय व्हायचंय?

सुरुवात अशी झाली की तिखट सहन होईना. फोड वगैरे काही नव्हतं, नुसती आग. मिसळीचा एक चमचा घेतला की गाल पेटायचे. मीही तोंड आलं असंच सांगायचो. एका डॉक्टरांनी दोन वर्षं आम्लपित्ताची औषधं दिली. मग एक दिवस ऑफिसखाली पाणीपुरी खाताना पुरी तोंडात जाईना. सगळे हसले, मीही हसलो. पुरी मोठी आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी वडापाव दाबून चपटा करून खाल्ला.

दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही कशीबशी. गालाला आतून हात लावला तर मऊ काही नाही, चामड्याचे उभे पट्टे. सबम्युकस फायब्रोसिस म्हणाले, म्हणजे गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारीनं होतो, तंबाखू नसली तरी. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच नोंदवलंय, हे मला त्या खुर्चीत कळलं.

गालात इंजेक्शनं झाली. रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांत धरतो, दर काही आठवड्यांनी एक काडी वाढवतो. सुरुवातीला अकरा जायच्या, आता सोळा जातात. पूर्वीसारखं उघडणार नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. दर सहा महिन्यांनी तपासणी, जन्मभर.

बागेतली सुपारी आता सगळी विकतो. वडील अजून खातात. त्यांच्याशी या विषयावर बोलणं बंद आहे.

देवगडची सून (१६ मे, सकाळी ७:५०)

सगळ्यांचे आभार. दातवाले दादा, बोट फिरवलं. खालची शेवटून दुसरी दाढ. आतल्या बाजूला नख अडकतं एवढी धार आहे. दोन वर्षांपूर्वी तिथलं सिमेंट पडलं होतं, दुखत नव्हतं म्हणून गेले नाही. न दुखण्याचं हे असं.

सासूबाईंचा चट्टा ओल्या फडक्यानं पुसून बघितला. निघत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

देवगडची सून (८ जून, दुपारी २:३०)

पाऊस लागला, पेट्या संपल्या, आता सवडीनं लिहिते.

कणकवलीला दाढ घासून वर सिमेंट भरलं. खुर्चीतून उठताना जिभेला पहिल्यांदा कळलं की तिथे रोज काहीतरी टोचत होतं. बाराव्या दिवशी व्रण भरला. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं, खाली कडक काही लागत नाही, तुकडा काढायची गरज नाही म्हणाले. महिन्याने पुन्हा बोलावलंय.

रक्तात बी-१२ आलं १३२. कागदावर खालची मर्यादा २०० छापलीय. हिमोग्लोबिन १०.४ आणि तांबड्या पेशी आकारानं मोठ्या. साखरेचे डॉक्टर आधी म्हणाले, मासे खाता ना तुम्ही, मग कसं होईल? मी दोन्ही गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून पुढे ठेवली. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग इंजेक्शनं लिहून दिली, एक दिवसाआड. मेटफॉर्मिन चालूच आहे. पित्ताची गोळी हळूहळू कमी करून सोडायचं ठरलंय. पहिला आठवडा छातीत जळजळलं, आता ठीक आहे.

फोड गेले का? पूर्ण नाही. परवाच एक आला, पण टाचणीच्या डोक्याएवढा, पाच दिवसांत गेला. मुंग्या अजून आहेत, त्यांना वेळ लागेल म्हणाले. काल मात्र सोलकढी प्यायले. दोन वाट्या.

सासूबाई यायला तयार नाहीत. "तोंड तुजा इला, माका कित्याक व्हरतंस?" हे एकच उत्तर. माझ्या तोंडापायी यांचं तोंड बघायचं हे त्यांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते समजावता येत नाही.

कुडाळचा दातवाला (८ जून, रात्री ९:००)

छान झालं. १३२ म्हणजे मुंग्यांना कारण होतं.

सासूबाईंना मशेरी सोडा म्हणून नेऊ नका, येणार नाहीत. दात दाखवायला न्या. त्या वयात एक तरी हलत असतो.

देवगडची सून (१९ जुलै, रात्री १०:५०)

दातवाले दादा, हलत होता. खालचा पुढचा.

त्याच निमित्तानं कणकवलीला गेलो. डॉक्टरांनी दात राहू दिला आणि गाल ताणून बघितला. आरसा हातात देऊन सासूबाईंना पहिल्यांदा त्यांचाच गाल आतून दाखवला. बरोबर त्याच जागी, जिथे त्या मशेरीचं बोट ठेवून पाच-दहा मिनिटं बसतात. भिंतीचा रंग पोपडा धरण्याआधी जसा सुरकुततो तसा पांढरा चट्टा, आणि त्याच्या एका कडेला लाल ठिपका. मी इतकी वर्षं पांढराच बघत होते, लाल मला दिसलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्यापेक्षा मला या लालचं बघायचंय.

गोव्यात बांबोळीला डेंटल कॉलेजात पाठवलं. गाडी करून गेलो, हे आणि भाऊजी दोघंही बरोबर. इंजेक्शन देऊन मसुराएवढा तुकडा काढला, विरघळणारे दोन टाके घातले. सासूबाई येताना गाडीत म्हणाल्या, एवढंच होतं तर आधी का नाही आणलंत? मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

रिपोर्ट आठवड्याने आला. कॅन्सर नाही. ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुसून न निघणारा पांढरा चट्टा, आणि त्यात सौम्य डिस्प्लेसिया. पेशी बिघडायला लागल्यात, पण थोड्या. मशेरी पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि लाल भाग वाढला तर तेवढा काढून टाकायचा. मशेरी सुटली तर चट्टा थोडा उतरूही शकतो म्हणाले.

तर आता प्रश्न मशेरीचा. आमच्याकडे ती विकतची नसते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, हातानं चुरून, डब्यात. तो वास घरभर गेला की मी मागच्या पडवीत जाऊन खोकायचे. दिवसातून चार-पाच वेळा लावायच्या. पहाटे उठल्यावर, चहानंतर, दुपारी भांडी झाली की, आणि रात्री झोपताना. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. आता तवा मी माळ्यावर टाकलाय. पहिले चार दिवस त्यांचं डोकं दुखलं, चिडचिड झाली, खरंच पोट साफ झालं नाही, आणि माझ्या हातचा चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी घेतला.

तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर लावून बघितला. समोरची मुलगी छान बोलली, पण सासूबाई फोनवर अनोळखी बाईशी "माझं व्यसन" या विषयावर बोलणार नाहीत. त्यांच्या लेखी ते व्यसनच नाही, दात घासणं आहे. बडीशेप, भाजलेले तीळ, लवंग देऊन बघतेय. सकाळची आणि रात्रीची सुटली. दुपारची अडलीय. काल त्यांच्या उशाखाली शेजारणीकडून आणलेली पुडी सापडली. मी काही बोलले नाही, चुलीत टाकली. संध्याकाळी त्याही काही बोलल्या नाहीत, पण फणसाची आठळी सोलताना माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे त्यांना कळलंय.

कुणाच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईची दुपारची मशेरी सुटली असेल तर काय केलंत ते लिहा. जाईचा पाला चालेल का, काकू?